पराभवापलीकडच्या हेदर हम्फ्रीज

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑक्टोबर 2025 मध्ये आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी झालेल्या निवडणुकीत कॅथरीन कॉनोली यांनी सुमारे 63 टक्के मते मिळवून हेदर हम्फ्रीज यांचा दणदणीत पराभव केला, आणि आपल्याकडे हम्फ्रीज यांचे नाव पोहोचले ते केवळ पराभूत उमेदवार म्हणून. आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचे घराणे मालवण तालुक्यातील वराडचे असल्याने मराठी वृत्तपत्रांनी त्यांच्याविषयी भरभरून लिहिले, ते योग्यच झाले. मात्र त्यांच्याच मंत्रिमंडळात उद्योग खाते सांभाळणाऱ्या या बाईंची कारकीर्दही आपल्या वाचकांपुढे यायला हवी, असे मला मनापासून वाटते.

उत्तर आयर्लंडच्या सीमेला लागून असलेला कॅव्हन-मॉनाहन हा शेतीवाडीचा मतदारसंघ. तेथील ड्रम गावच्या हम्फ्रीज कूटहिलच्या पतसंस्थेत व्यवस्थापक होत्या. 2003 मध्ये त्या मॉनाहनच्या काउंटी कौन्सिलवर गेल्या, 2011 मध्ये संसदेत निवडून आल्या आणि 2014 मध्ये कला, वारसा व आयरिशभाषक प्रदेशांच्या मंत्री झाल्या. सुरुवात चांगली झाली नाही. आयरिश भाषेवर प्रभुत्व नसताना हे खाते त्यांना दिले गेले, आणि काही आठवड्यांतच आपल्याच पक्षाच्या एका कार्यकर्त्याला सेनेटची (संसदेच्या वरिष्ठ सभागृहाची) उमेदवारी मिळण्याच्या तोंडावर डब्लिनच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या मंडळावर नेमल्यामुळे त्यांच्यावर टीकेची झोड उठली. ती टीका रास्त होती.

त्यांची खरी कसोटी लागली ती 2016 मध्ये, 1916 च्या ईस्टर उठावाच्या शताब्दीच्या वेळी. हम्फ्रीज प्रेस्बिटेरियन, म्हणजे तेथील अल्पसंख्याक प्रोटेस्टंट समाजातल्या, आणि त्यांच्या आजोबांनी 1912 मध्ये आयरिश स्वराज्याला विरोध करणाऱ्या अल्स्टर करारनाम्यावर सही केलेली. ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या उठावाचा राष्ट्रीय सोहळा अशा घरातील मंत्र्याने पार पाडायचा, हे काम सोपे नव्हते. शताब्दीच्या निमित्ताने सैनिकांनी देशातील प्राथमिक शाळांमध्ये जाऊन मुलांच्या हाती राष्ट्रध्वज आणि उठावाच्या घोषणापत्राची प्रत दिली. 2016 मध्येच पहिल्या महायुद्धातील सोमच्या लढाईत ब्रिटिश सैन्याच्या गणवेशात पडलेल्या आयरिश जवानांनाही सरकारने मानवंदना दिली. इतिहासाच्या दोन्ही बाजूंना जागा देणारा हा सोहळा मला त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत मोलाचा वाटतो.

पुढे न्यायमंत्री हेलन मॅकएंटी बाळंतपणाच्या रजेवर असताना दोन वेळा त्यांनी न्याय खात्याचा जादा कार्यभार वाहिला. मार्च 2021 मध्ये ग्रामविकास मंत्री म्हणून त्यांनी जे धोरण जाहीर केले, त्यात गावोगावी सामायिक कार्यालयांचे जाळे उभारण्याची योजना होती, जेणेकरून शहरातील नोकरी टिकवूनही तरुणांना गावी राहता यावे. कोकणातून मुंबईकडे जाणारा ओघ पाहता, या योजनेचे पुढे काय झाले, गावात माणसे खरोखर परतली का, यावर आपल्या दैनिकाने सविस्तर लेख प्रसिद्ध करावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, कणकवली