माझा कापूस न मोजणाऱ्या जिभाऊंना

ती. जिभाऊंना शि. सा. नमस्कार.

पत्र मुद्दाम चार लोकांत लिहितेय. बारीक अक्षर आता तुम्हाला दिसत नाही असं कळलं, तेव्हा नातवाकडून वाचून घ्या. तो मध्येच लाजून थांबला तर रागावू नका.

2004 सालची गोष्ट. दिवाळीची सुट्टी संपून आठवडा झाला होता. मी सहावीत होते, पण दप्तर खुंटीला टांगून आईबरोबर तुमच्या शेतात वेचणीला आले होते. वडील अंथरुणाला खिळलेले, वाण्याची उधारी थकलेली. पहाटेच्या दवात कापूस ओला लागतो, बोटं बधिर होतात, म्हणून बोंडाची वाळलेली टोकं नखाच्या मुळाशी घुसलेली ऊन चढेपर्यंत कळतच नाहीत. मग पांढऱ्या कापसावर लाल ठिपका दिसायचा. आई तेवढा कापूस तोडून फेकायची आणि म्हणायची, नीट वेच, मालाला डाग लागतो.

दुपारपर्यंत माझ्या ओटीत साडेसात किलोच्या आसपास जमला असेल. दीड रुपया किलोने सव्वाअकरा रुपये. शाळा बुडवत होते, तरी एवढा हिशेब तोंडी येत होता. बाभळीच्या फांदीला काटा टांगून तुम्ही एकेकीचं गाठोडं मोजत होतात. माझी पाळी आली.

"पोरी, आज कोनता वार शे?"

"बुधवार."

"मंग शाळा नही का? शाळाना दिनले मी पोरेस्ना कापूस मोजस नही."

माझी ओटी तुम्ही आईच्या गाठोड्यात रिकामी केलीत आणि मला बांधावरून घरी धाडलंत. पैसे आईच्या हिशेबात आले, बुडाले नाहीत. पण घरी येऊन आईने तुम्हाला काय काय शिव्या दिल्या ते इथे लिहीत नाही. मीही मनातल्या मनात दिल्या.

आणि खरं सांगू? नुसत्या त्या नकाराचे आभार मानायचे असते तर हे पत्र मी लिहिलंच नसतं. दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या शेतात गेले. तिथे माझा कापूस बिनबोभाट मोजला गेला. तिसऱ्या दिवशीही. तुम्ही एकट्याने फाटक लावलंत, मी पुढच्या फाटकातून आत शिरले.

आभार आहेत ते चौथ्या दिवशीच्या रात्रीचे. मारुतीच्या पारावर तुम्ही पाच-सहा शेतकऱ्यांना बसवलंत. वडिलांनी नंतर लोकांकडून ऐकलेलं सगळं सांगितलं. पोरं नाहीत तर वेचणार कोण, अवकाळी पावसात माल भिजला तर तू भरून देशील का, असं एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, गरिबाच्या पोटावर पाय देतोस. तुम्ही एवढंच म्हणालात म्हणे, सगळ्यांनी मिळून दार लावा, नाहीतर उद्यापासून मीही उघडतो. शेवटी शाळेच्या दिवशी कोणाच्याच काट्यावर पोरांचा माल घ्यायचा नाही असं ठरलं. रविवार मोकळा ठेवलात. तो रविवार मला आजही खुपतो, पण त्यावाचून कोणी मान डोलावली नसती हेही कळतं.

तेव्हा कायदा तुमच्या मागे नव्हता, जिभाऊ. 1986 च्या बालमजुरी कायद्यात धोकादायक कामांची यादी होती, तीत कापूस वेचणीचं नाव नव्हतं. चहाच्या टपऱ्या, ढाबे आणि घरकाम त्या यादीत 2006 मध्ये आले. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. आणि चौदाच्या आतल्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवायला मनाई व्हायला 2016 उजाडलं. त्यातही घरच्या शेतात शाळा सुटल्यावर 'मदत' करायची पळवाट राहिलीच. ही मदत म्हणजे काय, ते वेचणीच्या दिवसांत कुठल्याही बांधावर उभं राहून बघावं.

तुमच्या ओसरीत सयाजीरावांचा फोटो होता. मी तो कोणा नातेवाइकाचा समजायचे. मालेगावजवळच्या कवळाण्याचा मुलगा, बाराव्या वर्षी बडोद्याला दत्तक गेला, आणि पुढे 1893 मध्ये अमरेली तालुक्यात आणि 1906 मध्ये सगळ्या संस्थानात त्याने शिक्षण सक्तीचं केलं. हे पुढे पुस्तकात वाचलं तेव्हा मारुतीचा तो पार डोळ्यापुढे आला.

अजून एक गोष्ट, जी आईच्या लक्षात सगळ्यांत आधी आली. पोरं हटली तसे वेचायला हात कमी पडले आणि पौष लागेपर्यंत दर दीडचा दोन रुपये झाला. आई दिवसाला चाळीस किलो वेचायची. माझ्या मजुरीत जे गेलं, ते तिच्या मजुरीत बरंचसं परत आलं. त्यानंतर तिने तुम्हाला शिव्या देणं बंद केलं. मीही सहावी पास झाले, पुढे बी.कॉम. झाले. आज जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, काट्यावरच बसते. ट्रॅक्टर भरून आत येतो, रिकामा होऊन जातो, दोन वजनांची वजाबाकी माझ्याकडे.

यंदाही सातपुड्यातून वेचणीला कुटुंबं आली आहेत. कापडाच्या पालात राहतात, पोरं बरोबर. तीन पोरांना घेऊन मी शाळेत गेले तर दाखला मागितला. कागद नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, वयाप्रमाणे वर्गात बसवायचं, हे त्या 2009 च्या शिक्षणाच्या कायद्यातलं कलम मोबाइलवर काढून दाखवलं तेव्हा नावं लागली. तिघं आठ दिवस गेली. नवव्या दिवशी दोघं परत वेचताना दिसली, नाल्यापलीकडच्या शेतात.

त्या शेतमालकाशी बोलून पाहिलं. मला म्हणाला, ताई, तुम्ही काट्याचं बघा.

तो तुमच्या भावकीतला आहे. माझं ऐकणार नाही, तुमचं ऐकेल. नातवाला सांगून आजच फोन लावा. त्याच्या शेजारचे दोघंही तिथेच असतात, त्यांनाही बोलवा. एकट्याला सांगून काय होतं, ते आपल्याला माहीत आहे.

तुमची,
बुधवारी घरी धाडलेली पोरगी