‘यात फसलं काय?’ असं विचारणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

असं चारचौघांत पत्र लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, हे मला ठाऊक आहे. समोर बसून आभार मानायचा प्रयत्न मी दोनदा केला. पहिल्यांदा तुम्ही पंखा लावायला उठलात, दुसऱ्यांदा ‘जाताना दार लोटून घ्या’ म्हणालात. आता तुम्ही लेकीकडे राहायला गेला आहात, त्यामुळे मला मधेच तोडता येणार नाही. शिवाय अलीकडे बरेच जण विचारतात, रोज हाताने काहीतरी करायचं हे तुला जमतं कसं? दर वेळी मी तुमचीच गोष्ट सांगते. तीही अर्धवट, कारण समोरच्याला तेवढा वेळ नसतो. म्हणून आज सगळी सांगते.

वरच्या मजल्यावर तुमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा माझ्याकडे सामानाने भरलेलं कपाट होतं. ३०० जीएसएमचे (चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे चांगले जाड) जलरंगाचे कागद, लिनो (कोरून ठसे काढायचा लिनोलियमचा तुकडा) कोरायची हत्यारं, भरतकामाचे दोरे, चार प्रकारचे गोंद. त्यातल्या एकाही कागदाला मी हात लावला नव्हता. कागद फार चांगले होते, हीच अडचण. चांगल्या कागदावर चांगलंच काहीतरी उतरायला हवं, आणि तेवढं चांगलं डोक्यात कधी यायचंच नाही. मग मी आणखी कागद आणायचे. सामान आणणं हेसुद्धा करण्यातच मोडतं, अशी माझी गोड समजूत होती. (ही समजूत असलेली माणसं नंतर मला बरीच भेटली. सगळ्यांची कपाटं सारखीच.)

मी आले होते ती शब्दकोशाची उसवलेली पाठ शिवून घ्यायला. तुमचं बाइंडिंगचं काम बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, पण टेबल, दाभण, मेण लावलेला दोरा सगळं जागच्या जागी होतं. तुम्ही शिवत होतात आणि मी माझ्या कपाटाचं रडगाणं गात होते. तुम्ही ऐकताय असं वाटलंच नाही. शिवण संपल्यावर टेबलाखालून सुतळीने बांधलेला एक गठ्ठा काढलात. पुस्तकांच्या कडा कापल्यावर उरलेली कातरणं, पोस्टकार्डाहून जरा लहान. कुठला कागद जाड, कुठला पातळ, कुठला पिवळट, एखाद्यावर अर्धी छापील ओळ.

‘रोज एक. मागे तारीख. फाडायचं नाही.’

‘किती आहेत?’ मी विचारलं.

‘मोजले नाहीत. संपले की या.’

एवढंच. घरी जाऊन मी मोजले, ४१२ निघाले.

काका, त्या तुकड्यांनी माझं काय केलं ते तुम्हाला माहीत नसेल. तुमच्या दृष्टीने ती रद्दी होती. माझ्यासाठी तो पहिला कागद होता, ज्याच्यावर काही वाईट झालं तरी कागदाचा अपमान होत नव्हता. पहिल्या आठवड्यात मी त्यावर काय केलं आठवतंय? झाडाच्या पानाचा एक ठसा, तीन रेघा, चिकटवलेलं बसचं तिकीट, पुन्हा एका पानाचा ठसा, सुईने पाडलेली भोकं, आणि दोन दिवस नुसते रंगाचे डाग. रविवारी ते सात तुकडे घेऊन वर आले. तुम्ही एकेक हातात घेतलात, आधी उलटा करून तारीख बघितलीत, मग सुलटा केलात आणि विचारलंत, ‘यात फसलं काय?’

मला वाटलं होतं, ‘छान आहे’ म्हणाल. सगळे म्हणतात. ‘छान’ म्हटलं की पुढे बोलायचं काही उरत नाही. तुमच्या प्रश्नाने मात्र मला त्या तुकड्याकडे पुन्हा बघावंच लागलं. पान ठशात नीट उठलं नव्हतं, कारण मी ते झाडावरून तोडून तसंच ओलंगच्च रंगात बुडवलं होतं. ‘रात्रभर पुस्तकात दाबा, मग रंग लावा. आणि शिरांच्या बाजूला लावा, गुळगुळीत बाजूला नको.’ दुसऱ्या दिवशी त्याच झाडाचं पान घेतलं आणि शिरांचं अख्खं जाळं कागदावर उमटलं. ते घेऊन मी जवळजवळ धावत आले होते. तुम्ही बघितलंत आणि म्हणालात, ‘देठ पुसट आहे.’

त्या दिवशी मला तुमचा रागही आला होता, हे कबूल करून टाकते.

मग तो कागदाच्या ग्रेनचा, म्हणजे त्यातल्या तंतूंच्या दिशेचा धडा. मी वहीसाठी पुठ्ठ्यावर कागद चिकटवला होता आणि सकाळी पुठ्ठा धनुष्यासारखा वाकला होता. मी गोंदाला दोष देत होते. तुम्ही कागदाचा एक छोटा चौकोन कापलात, एका बाजूला ओलं बोट फिरवलंत आणि तो माझ्या तळहातावर ठेवलात. तो आपोआप गुंडाळत गेला. ‘नळी ज्या दिशेने झाली, तंतू त्या दिशेने.’ यंत्रावर कागद बनताना त्यातले तंतू बरेचसे यंत्राच्या धावण्याच्या दिशेने लागतात. पाणी लागलं की तंतू लांबीत फारसे वाढत नाहीत, जाडीत फुगतात. म्हणून कागद एकाच बाजूला पसरतो आणि वाळताना पुठ्ठ्याला ओढून घेतो. पुस्तकाच्या पाठीला तंतू समांतर हवेत, नाहीतर पानं उलटताना पुस्तक कुरकुरतं, आणि पुठ्ठ्याच्या दुसऱ्या बाजूलाही कागद चिकटवला की ओढ दोन्हीकडून सारखी होते. हे सगळं मला एका ओल्या बोटाने कळलं. तोवर किती शुभेच्छापत्रांच्या घड्या कडेला तडकल्या होत्या! मला वाटायचं आपला हात वाईट. हात ठीक होता, घडी तंतूंच्या आडवी पडत होती.

ऋतूंची गोष्टही तुमच्यामुळेच लक्षात आली. मी ऋतूप्रमाणे विषय बदलायचे, म्हणजे पावसाळ्यात ढग आणि छत्र्या. तुम्ही म्हणालात, हवेप्रमाणे काम बदला, चित्र आपोआप बदलेल. दमट हवेत जलरंगाचा थर वाळतच नाही, दुसरा रंग त्यात फुलासारखा फुटतो; मग त्या दिवसांत तेच करायचं, फुटू द्यायचं. कडक उन्हात ब्रश उचलायच्या आत कडा पक्क्या होतात, तेव्हा सपाट मोठा रंग भरायचा हट्ट सोडायचा आणि तुटक फटकारे मारायचे. थंडीत लिनो इतका कडक होतो की हत्यार सटकतं. तो थोडा वेळ मांडीखाली घेऊन बसायचा, मग लोण्यासारखा कापला जातो. पावसाळ्यात फुलं दाबायची तर मधला टिपकागद रोज बदलायचा, नाहीतर दोन-तीन आठवड्यांनी फुलाऐवजी बुरशी हाती येते. माझ्या हाती आली होती. तारीख मागे आहेच.

उन्हाळ्यात मात्र मी तुम्हाला एक नवीन गोष्ट दाखवली, आणि तेवढ्या एका दिवशी तुम्ही खुर्ची पुढे ओढून बसला होतात. सायनोटाइप. लोहाच्या दोन क्षारांचं द्रावण कागदाला अंधारात लावायचं, वाळू द्यायचं, वर पान किंवा पीस ठेवून उन्हात धरायचं आणि साध्या पाण्यात धुवायचं. ऊन लागलं तिथे गडद निळं, झाकलं तिथे पांढरं. जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये ही रीत शोधली आणि पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स या बाईने समुद्री शेवाळांचे असे निळे ठसे काढायला घेतले. तुम्हाला त्यातलं एकच आवडलं होतं: हा निळा प्रखर उजेडात फिकटतो, पण काही दिवस अंधारात ठेवला की बराचसा परत येतो. ‘म्हणजे कपाटात ठेवण्यासारखी एक तरी वस्तू निघाली,’ असं तुम्ही म्हणालात. माझ्या कपाटावरचा तो टोमणा मला दोन जिने उतरल्यावर कळला.

आता त्या अकरा दिवसांबद्दल. पाचव्या महिन्यात घरात आजारपण आलं आणि मी अकरा दिवस एकही तुकडा केला नाही. लाज वाटून रविवारीही वर आले नाही. तुम्ही खाली आलात. माझ्या आठवणीत तेवढं एकदाच. मी म्हटलं, साखळी तुटली, आता पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही गठ्ठ्यातला वरचा तुकडा काढलात, त्या दिवसाची तारीख मागे स्वतःच्या हाताने घातलीत आणि गेलात. मधले दिवस कसे भरून काढायचे, यावर एक शब्दही नाही. खूप नंतर मी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या अभ्यासाबद्दल वाचलं. २०१० मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात ९६ जणांना खाणं, पिणं, व्यायाम यांतली एखादी साधी सवय लावून घ्यायला सांगितलं होतं. ती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ पुरतील तर कुणाला २५४ लागतील, एवढा फरक. ‘एकवीस दिवसांत सवय लागते’ हा मंत्र सांगणाऱ्यांनी हे आकडे बघावेत. आणि मधे एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नाही, असंही त्यात निघालं. माझे तर अकरा चुकले होते, पण तुम्ही अभ्यास न वाचताच निकाल देऊन मोकळे झाला होतात.

मागे तारीख घालायचा तुमचा आग्रह मला आधी हिशेबनिसाचा वाटायचा. मग मेरी डिलेनीबद्दल वाचलं. अठराव्या शतकातली ही इंग्रज बाई ७२ व्या वर्षी रंगीत कागद कातरून फुलं करायला लागली. काळ्या कागदावर एकेक पाकळी, एकेक पुंकेसर वेगळा कापून चिकटवलेला. दहा-एक वर्षांत, नजर साथ देईनाशी होईपर्यंत, तिने ९८५ फुलं केली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आणि चित्रांच्या मागे वनस्पतीचं नाव, जागा, तारीख. हे वाचलं तेव्हा रात्र झाली होती, नाहीतर तेव्हाच वर येऊन तुम्हाला सांगितलं असतं. सकाळी सांगितलं तर तुमचं उत्तर, ‘९८५? मग फसलेली धरून आणखी असतील.’

एका बाबतीत मात्र आपलं कधी पटलं नाही. तुमच्या मते गरम गोंदाची बंदूक हे हात नसलेल्यांचं हत्यार. खळ शिजवा, गार करा, पातळ लावा, वजनाखाली ठेवा. कागदासाठी बरोबर आहे. पण वाळकी बोंडं आणि काटक्या खळीने धरत नाहीत, काका. मी ती बंदूक वापरते, अजूनही. चमकीच्या बाबतीत मात्र तुमचंच खरं. ती बहुतेक प्लास्टिकची असते, आणि एकदा घरात शिरली की माणसांच्या आधी तिचाच मुक्काम पक्का होतो.

४१२ तुकडे संपायला एक वर्ष आणि जवळजवळ दोन महिने लागले. महिन्याचे एकत्र करून, तुम्ही शिकवलीत तशी जुजबंदी (पानांची दोऱ्याने शिवण) करून, चौदा छोट्या वह्या शिवल्या. जाड-पातळ कागद एकत्र असल्याने त्या नीट मिटत नाहीत. टेबलावर ठेवल्या की आपोआप उघडतात. ‘संपले की या’ म्हणाला होतात. आले, तर तुमच्या दारासमोर सामानाची खोकी बांधलेली होती. तुम्ही खोक्यावरच बसून चौदाच्या चौदा वह्या उलट्या करून पाहिल्यात. मी तेव्हा काही बोलले नाही, कारण बोलले असते तर रडले असते आणि तुम्ही पुन्हा पंखा लावायला उठला असतात.

तर आभार. त्या गठ्ठ्याचे, ओल्या बोटाचे, खाली उतरून आलेल्या त्या दिवसाचे. आणि एकदाही ‘छान’ न म्हटल्याचे. त्यामुळे मला दुसऱ्या कुणाचं ‘छान’ मिळवायलाही कधी थांबावं लागलं नाही. कपाटातले ते ३०० जीएसएमचे कागद मी गेल्या महिन्यात काढले आणि पोस्टकार्डाहून जरा लहान आकारात कापले. कापताना हात थोडा थरथरला, पण आधी ग्रेन बघितली होती.

आजचा तुकडा नेच्याच्या पानाचा ठसा आहे. पान रात्रभर दाबलं होतं, रंग शिरांच्या बाजूला लावला होता. फसलं ते असं: कागद जलरंगाचा, खरखरीत, म्हणून टोकाची बारीक पानं उठलीच नाहीत, आणि ती उठावीत म्हणून मी दुसऱ्यांदा दाबायला गेले तर पान सरकलं, आता मधली शीर दुहेरी दिसते. देठ मात्र नीट आला आहे. मागे तारीख घातली आहे.

तुमची,
खालच्या मजल्यावरची