बेळगावच्या उद्यमबागेतल्या मेस्त्रीमामांना

मेस्त्रीमामा, सादर नमस्कार.

रविवारी सकाळी तालमीतला तो जाड मुठीचा डंबेल उचलला. एका हातानं, पूर्ण ताठ उभं राहून. मुठीची जाडी 60 मिलिमीटर, वजन 45 किलो. सांगायला तसाच उद्यमबागेत आलो, पण तुमची लेथची शेड बंद होती. समोरासमोर एवढं बोलताही आलं नसतं, म्हणून सगळ्यांच्या देखत लिहितोय.

मी तुमच्याकडे पहिल्यांदा आलो तो मूठ लेथवर बारीक करून घ्यायला, आठवतं? साध्या बारवर दोन्ही हातांनी 140 किलो ओढणारा मी, आणि हे 45 किलो जमीन सोडत नव्हतं. कुणीतरी सांगितलं म्हणून रोज झटके मारून कोपर दुखवून घेतलं होतं. तुम्ही व्हर्नियर लावून मुठीची जाडी मोजलीत आणि म्हणालात, "मूठ बारीक करून देतो की. हात तसाच राहील त्याचं काय?"

मग 28 मिलिमीटरचा रॉड हातात दिलात. अंगठा बोटांवर चढून कुलूप बसलं. डंबेल धरायला लावलात, तर अंगठा आणि बोटं यांच्यात चांगली दोन इंचांची फट. त्या फटीतूनच डंबेल फिरतो आणि बोटं उघडतात, हे तेव्हा कळलं. पाठ, खांदे कितीही भरलेले असोत, तिथं एकटा अंगठा लढत असतो. इंग्लंडच्या थॉमस इंच या शक्तिवीराचा डंबेल 172 पौंडांचा, म्हणजे 78 किलोंचा. त्याहून कितीतरी जास्त ओढणारे गडी त्याच्यापुढे हरले, ते याच 60 मिलिमीटरच्या आसपासच्या मुठीमुळे.

त्या दिवशी हातातला जॉब बाजूला ठेवून तुम्ही भंगारातले पाइप बोअर केलेत. बाहेरून 40, 48 आणि 54 मिलिमीटरच्या तीन स्लीव्ह, म्हणजे त्याच 28 च्या रॉडवर बसणाऱ्या पोकळ नळ्या. प्रत्येकीला ग्रब स्क्रू, म्हणजे रॉडवर आवळायचा बिनडोक्याचा छोटा स्क्रू. आधी स्क्रू घट्ट, मूठ जाम. ते जमलं की स्क्रू सैल, मूठ हातात फिरणारी. वजन तेवढंच ठेवून जाडी वाढवत न्यायची, ही युक्ती मला कुठल्याच जिममध्ये कुणी सांगितली नव्हती. पैसे विचारले तर चहा मागवलात.

बाकीचं तुमच्या कुस्तीच्या दिवसांतलं. दोन गुळगुळीत प्लेटा चिमटीत धरून उभं राहायचं, ओला टॉवेल पिळायचा, तालमीतल्या दोरावर चढायचं. बोटांभोवती रबर अडकवून पंजा उघडायचा, हे मला आधी पोरखेळ वाटलं होतं. कोपराचं दुखणं थांबण्यात त्याचा मोठा वाटा आहे असं आज मी मानतो. घट्टे वज्रीनं घासून सपाट ठेवायचे, नाहीतर मुठीत कातडी सोलते. आणि हे सगळं आठवड्यातून दोनदाच. स्नायू लवकर तयार होतो, स्नायू हाडाला बांधणारे कंडरे आणि सांधे मागून येतात, असं तुम्ही बजावलंत. मी घाई केली की एकच शब्द: "सावकाश." आपल्याकडे कानडीतही तोच शब्द, त्यामुळे तुमच्या शेडमधला कानडी हेल्परही मला बघून तेच म्हणायला लागला!

48 वर मी अकरा आठवडे अडकलो होतो. दर शनिवारी सुट्टी झाल्यावर तुम्ही माझी पकड बघायला थांबायचात. घरी जायची वेळ, दिवसभर लेथपुढे उभं राहून आखडलेले पाय, तरी थांबायचात. मामा, स्लीव्हपेक्षाही त्या शनिवारांचं ऋण मोठं आहे. माझ्या हातासाठी एवढा वेळ आजवर कुणी दिला नव्हता.

54 ची स्लीव्ह मी ठेवली आहे. 40 आणि 48 ची तालमीतल्या दोन पोरांना दिली, तुम्हाला न विचारता. त्यातल्या एकाचा अंगठा फार लवकर सुटतो. शनिवारी त्याला घेऊन येऊ का?

तुमचा,
तालमीतला पोरगा