बारला दोन्ही हात

चि. सईस अनेक आशीर्वाद,

परवा फोनवर तू चांगलीच वैतागली होतीस. इतके महिने झाले तरी बाई बार, म्हणजे तो भिंतीलगतचा आधाराचा दांडा, सोडू देत नाहीत, तोंड भिंतीकडे, दोन्ही हात बारवर आणि तेच ते प्लिए, गुडघे वाकवणं. हा रशियन वळणाचा बॅले नृत्याचा क्लास तू स्वतः निवडलास, म्हणून हे वळण आलं कुठून ते तुला सांगावंसं वाटतंय. मी त्याबद्दल आवडीने वाचत आलोय.

सेंट पीटर्सबर्गची बॅले शाळा 1738 सालची. सम्राज्ञी आन्नाच्या हुकमावरून जाँ-बाप्तिस्त लांदे या फ्रेंच नृत्यशिक्षकाने हिवाळी राजवाड्यात वर्ग सुरू केला. बारा मुलगे, बारा मुली, सगळी राजवाड्यातल्या नोकरचाकरांची. मॉस्कोत तर 1773 मध्ये सुरुवात झाली ती अनाथाश्रमातल्या मुलांपासून. दरबाराची म्हणून मिरवलेली ही कला अशा मुलांनी अंगमेहनतीने उभी केली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पुढेही शिकवायला आले ते बहुतेक बाहेरचेच. पेतिपा फ्रेंच, योहान्सन स्वीडनचा, चेकेत्ती इटलीचा. 1890च्या दशकात पिएरीना लेन्यानी ही इटालियन नर्तकी आली आणि एका पायावर लागोपाठ 32 फुएते, म्हणजे दुसरा पाय झटक्याने फेकत घेतलेल्या गिरक्या, घेऊन तिने सगळ्यांना थक्क केलं. फ्रेंच वळणात लालित्य होतं, पण जोर कमी पडे. इटालियन वळणात जोर होता, पण अंग ताठ दिसे.

हे सगळं आग्रिप्पीना वागानोवा पाहत होती. तिचे वडील तिथल्याच मारिन्स्की थिएटरात साधे द्वारपाल. 1897 मध्ये ती सेंट पीटर्सबर्गच्या त्याच शाळेतून शिकून बाहेर पडली, उत्तम नाचायची, पण मुख्य भूमिका तिच्या वाट्याला क्वचित आल्या. बॅलेरिना, म्हणजे मुख्य नर्तकी, हा हुद्दा मिळाला 1915 मध्ये, आणि पुढच्याच वर्षी तिला रंगमंच सोडावा लागला. मला तिचं सगळ्यात मोठेपण वाटतं ते असं की जे जमत नव्हतं त्याचं कारण ती शोधत राहिली. चेकेत्तीकडे शिकून प्रेओब्राझेन्स्काया ही नर्तकी एवढी सुधारली कशी, हे तिने बारकाईने तपासलं. 1921 पासून ती त्याच शाळेत शिकवू लागली. फ्रेंच लालित्य, इटालियन जोर आणि पाठीतून उमलणारे रशियन हात तिने एकत्र बांधले, आणि 1934 मध्ये ते पुस्तकात मांडलं. सेम्योनोवा, उलानोवा या नामवंत नर्तकी तिच्याच हाताखालच्या. आज शाळेला नाव आहे ते तिचंच.

तुझा बार त्यातूनच आलाय. तांद्यू, म्हणजे पाय ताणून जमिनीवरून सरकवणं, आधी बाजूला, मग पुढे, मग मागे, कारण बाजूला नेताना मांडी खुब्यातून बाहेर वळलेली ठेवणं सगळ्यात सोपं. दोन्ही हात टेकलेले असतात, म्हणजे तोल सांभाळण्यात जीव अडकत नाही आणि सगळं लक्ष पायावर राहतं. लय मुद्दाम संथ. घाई केली की गुडघा वळतो आणि खुबा जागचा हलत नाही. दुखापती होतात त्या इथेच.

त्या शाळेतलं सगळंच मला पटतं असं समजू नकोस. दहाव्या वर्षी मुलांचे खुबे, पाठ, पावलं तपासून निवड करायची, आठ वर्षं दरवर्षी परीक्षा घ्यायची आणि मधेच कितीजणांना घरी पाठवायचं, हे बाप म्हणून मला सहन झालं नसतं. वजनावरून तर तुला कुणी एक शब्द बोललं, तर मला लगेच सांग. जेवण सोडायचं नाही, आईनेही हेच सांगायला सांगितलंय.

आणि उशीर झाला म्हणून रडू नकोस. पुढे जगप्रसिद्ध झालेला नर्तक नुरेयेव त्या शाळेत पोचला तेव्हा 17 वर्षांचा होता. अलेक्सांद्र पुश्किन या शिक्षकांनी त्याला आपल्या वर्गात घेतलं, पुढे दुखापत झाली तेव्हा स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. तीन वर्षांत तो शिकून बाहेर पडला.

वागानोवाच्या वर्गात एखादी गोष्ट चुकली की का चुकली, हे विद्यार्थिनीला सांगावं लागे. तूही बाईंना विचारत जा, त्यांना आवडेल. आणि रविवारी फोन करशील तेव्हा मला मागचा तांद्यू नीट समजावून सांग: पाय मागे जाताना वजन कुठे राहतं, आणि कंबर का वळत नाही? पुस्तकात वाचून ते काही माझ्या ध्यानात येत नाहीये.

तुझा,
बाबा