ताई, दोल्नी व्येस्तोनित्से दाखवलंत, त्याबद्दल मनापासून थँक्यू

ताई, फोनवर थँक्यू म्हणून झालंय पण तेवढ्याने माझं समाधान होत नाहीये, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय. बाबा चेक रिपब्लिकमध्ये ब्रनोला आले तेव्हा प्राग, व्हिएन्ना सगळं बुक झालं होतं, तरी तुम्ही म्हणालात की जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेल्या माणसाला दोल्नी व्येस्तोनित्से हे गाव दाखवायलाच पाहिजे, आणि तुमची हक्काची सुट्टी घालवून स्वतःची गाडी काढलीत.

गाव जेमतेम तीनशेच्या आसपास वस्तीचं. चर्च, उतारावर द्राक्षमळे, पाठीशी पालावाचे चुनखडीचे डोंगर, समोर धरणाचं पाणी. तुम्ही सगळ्यात आधी जुन्या वीटभट्टीच्या कड्यापाशी नेलंत हे फार बरं केलंत. माती कापून काढलेली ती उभी भिंत, त्यात पिवळसर लोएस, म्हणजे हिमयुगात वाऱ्याने आणून टाकलेली बारीक माती, आणि मधेमधे काळपट-तपकिरी पट्टे. फिकट थर थंड कोरड्या काळातला, गडद पट्टा म्हणजे हवा उबदार झाली, झाडोरा वाढला, माती कसदार झाली, असा लाखाहून जास्त वर्षांचा हिशेब समोर उघडा पडलेला. बाबा चष्मा सारखा करून खालून वरपर्यंत एकेक पट्टा बघत होते आणि तुम्ही अजिबात घाई केली नाहीत.

मग हिमयुगातले शिकारी लोक इथेच का राहिले तेही तुम्ही उतारावर उभं करूनच समजावलंत, खाली दिये नदीचं खोरं, तिथून जनावरांचे कळप जाणार, वरून सगळं दिसणार. पुरातत्त्वज्ञ कारेल अब्सोलोन यांच्या टीमने 1924 पासून इथे खोदायला सुरुवात केली, मॅमथच्या हाडांचे ढीग निघाले, आणि 13 जुलै 1925 ला राखेच्या थरात ती जगप्रसिद्ध बाईची मूर्ती मिळाली, दोन तुकड्यांत, उंची फक्त 11 सेंटीमीटरच्या आसपास. भाजलेल्या मातीची! तीसेक हजार वर्षांपूर्वी! या भागात मातीची भांडी त्यानंतर वीसेक हजार वर्षांनी आली. तिच्या पाठीवर एका लहान मुलाच्या बोटाचा ठसा आहे हे तुम्ही सांगितलंत तेव्हा बाबा एकदम गप्प झाले, मग म्हणाले, पोराने ओली असतानाच हात लावला असणार. गावातल्या म्युझियममध्ये प्रतिकृती आहे, खरी मूर्ती ब्रनोत असते.

1986 मध्ये पुरातत्त्वज्ञ बोहुस्लाव्ह क्लीमा यांना इथेच एका खड्ड्यात शेजारी शेजारी पुरलेले हिमयुगातले तिघं सापडले, डोक्यांवर गेरू, मधल्याचं शरीर जन्मापासून व्यंग असलेलं. मधलं माणूस बाई की पुरुष यावर खूप वर्षं वाद चालला, 2016 मध्ये डीएनएवरून तिघंही पुरुष निघाले.

पण ताई, मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की तुम्ही मॅमथपाशी थांबला नाहीत. हे गाव शेकडो वर्षं जर्मन बोलणाऱ्यांचं होतं, 1938 मध्ये म्युनिक करारानंतर जर्मनीने गिळलं, मग नाझींच्या एसएस संघटनेच्या संस्थेचे लोक इथे खोदायला आले, आणि एप्रिल 1945 मध्ये जवळच्या मिकुलोव्ह गावातल्या किल्ल्याला आग लागली त्यात तिथे ठेवलेल्या इथल्या कितीतरी वस्तू जळून गेल्या. युद्ध संपल्यावर जर्मन कुटुंबांना घरदार सोडून जावं लागलं आणि दुसरीकडून आलेल्या लोकांनी गाव परत वसवलं. हे सांगताना तुम्ही कोणाचीच बाजू घेतली नाहीत, ते मला फार भावलं.

आणि ते पाणी. मला ते नैसर्गिक तळंच वाटावं असं आहे, पण नोवे म्लिनीची तीन धरणं 1970-80 च्या दशकांत झाली आणि शेजारचं मुशोव्ह गाव उठवलं, आता मधल्या जलाशयात बेटावर त्यांचं चर्च तेवढं उरलंय. बाबांना लगेच कोयना आठवलं, आमच्या आजोळची माणसं त्यातूनच उठलेली, त्यामुळे परतीच्या वाटेवर ते तुमच्याशी त्यावरच बोलत राहिले आणि तुम्ही गाडी चालवता चालवता सगळं ऐकून घेतलंत. त्यासाठी वेगळं थँक्यू.

बाबा साताऱ्याला पोचल्यापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच सांगतायत. शेजारच्या पाव्लोव्ह गावातलं आर्किओपार्क, म्हणजे तिथलं पुरातत्त्व म्युझियम, वेळेअभावी राहिलं ना, तर पुढच्या वेळी गाडी माझी, डबाही माझाच, तुम्ही फक्त तारीख सांगा.