ढगांची छायाचित्रे आणि भूकंपाची भाकिते

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या वृत्तपत्राच्या शहर पुरवणीत गेल्या आठवड्यात उपग्रहाने टिपलेले एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. अरबी समुद्रावरून सौराष्ट्र, बडोदे आणि पुढे माळव्याकडे गेलेला ढगांचा एक लांब, सरळ पट्टा त्यात दिसत होता. खाली ‘असे ढग भूकंपापूर्वी दिसतात, असे काही अभ्यासकांचे म्हणणे आहे’ एवढेच एक वाक्य होते. हे अभ्यासक कोण, त्यांनी नेमके काय तपासले आणि त्यांच्या म्हणण्याचे पुढे काय झाले, याबद्दल चकार शब्द नव्हता. बडोद्यात दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंतच्या मराठी घरांतून ते छायाचित्र मोबाइलवर फिरले. २६ जानेवारी २००१ ची, भूजच्या भूकंपाची सकाळ आठवणारी माणसे या शहरात घरोघरी आहेत; अशा ठिकाणी त्या एका वाक्याचा काय परिणाम होतो, हे आपणांस वेगळे सांगायला नको. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

हा दावा म्हणजे केवळ चावडीवरच्या गप्पा नव्हेत, हे आधी मान्य केले पाहिजे. कॅलिफोर्नियात राहणारे चिनी वंशाचे निवृत्त रसायनशास्त्रज्ञ झोंगहाओ शोऊ यांनी डिसेंबर २००३ मध्ये हवामान उपग्रहाच्या चित्रात इराणवर एक लांबट ढग पाहिला आणि साठ दिवसांच्या आत तेथे किमान ५.५ तीव्रतेचा भूकंप होईल, असे भाकीत २५ डिसेंबरला केले. दुसऱ्याच दिवशी बाम हे शहर ६.६ तीव्रतेच्या भूकंपाने जमीनदोस्त झाले आणि पंचवीस हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पुढे २००८ मध्ये दोन चिनी संशोधकांचा निबंध एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. दक्षिण इराणवरील ढगांच्या आच्छादनात त्यांना भ्रंशरेषेला, म्हणजे भूकवच जिथे तुटून सरकते त्या रेषेला, समांतर अशी एक फट आढळली होती. भोवतालचे ढग सरकत होते, फट मात्र कित्येक तास जागची हलली नाही, आणि साधारण दोन महिन्यांनी, फेब्रुवारी २००५ मध्ये, त्या टापूत ६.४ तीव्रतेचा भूकंप झाला. जमिनीतील भेगांतून वर येणारे उष्ण वायू ढग विरघळवतात, असा त्यांचा तर्क होता.

वारा वाहत असूनही जागचा न हलणारा ढग किंवा जागची न हलणारी फट पाहिली, की याचे कारण जमिनीतच असणार, असे कोणालाही वाटेल. कारण जमिनीशी निगडित आहे, हे खरेच आहे. पण ते जमिनीच्या पोटात नसून तिच्या उंचसखलपणात आहे. नर्मदेच्या प्रवाहात मोठा खडक असला, की त्याच्या खालच्या अंगाला पाण्याचा एक फुगवटा कायम उभा दिसतो. पाणी सतत बदलत असते, फुगवटा तिथेच राहतो. डोंगररांगेवरून वाहणाऱ्या हवेचेही तसेच होते. हवा जिथे वर उचलली जाते तिथे गार होऊन तिच्यातील बाष्पाचे ढग बनतात आणि जिथे ती खाली उतरते तिथे तापून ढग नाहीसे होतात. ढगातून वारा आरपार वाहत असतो, ढग मात्र डोंगराच्या संदर्भात स्थिर राहतो. रांग सरळ असेल तर ढग सरळ, आणि फटही सरळ. इराणच्या दक्षिण भागात झाग्रोसच्या रांगा शेकडो किलोमीटर एकमेकींना समांतर पसरल्या आहेत, तेव्हा तेथे असे देखावे विरळा असण्याचे कारण नाही.

आता यातली खरी मेख पाहा. डोंगर आणि भ्रंश हे वेगवेगळे नसतात. जिथे भूकवच दाबले जाऊन तुटते आणि उचलले जाते, तिथेच पुष्कळदा डोंगर उभे राहतात. साहजिकच डोंगरामुळे बनलेला ढग नकाशावर ठेवला तर तो बहुधा कोणत्या तरी भ्रंशरेषेच्या शेजारी, तिला समांतर पडतो. ढग आणि भ्रंश यांचा संबंध आहे, असे म्हणणारा माणूस खोटे बोलत नाही; तो संबंध डोंगराच्या मध्यस्थीने आहे, एवढे तो पाहत नाही. भूकंप उद्या होवो अथवा आणखी दोनशे वर्षांनी होवो, ढग तसाच दिसणार.

तुर्कस्तानचे उदाहरण अलीकडचे आहे. १९ जानेवारी २०२३ रोजी बुर्सा शहरावर सूर्योदयाच्या सुमारास लालसर रंगाचा, भिंगासारखा एक प्रचंड ढग दिसला. ६ फेब्रुवारीला त्या देशाच्या आग्नेय भागात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाल्यावर त्या ढगाची छायाचित्रे ‘पूर्वसूचना’ म्हणून जगभर पसरली. बुर्सा हे उलुदाग पर्वताच्या पायथ्याचे शहर आहे आणि भिंगाकार ढग हा पर्वतांवरच्या हवेचा नेहमीचा खेळ आहे. शिवाय भूकंपाचे केंद्र तेथून सातशे किलोमीटरहून अधिक दूर होते, म्हणजे बडोद्याहून भूज जितके दूर आहे त्याच्या जवळजवळ दुप्पट.

आपण छापलेल्या छायाचित्राकडे वळतो. आपल्याकडे हिवाळ्यात सुमारे बारा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे अत्यंत वेगवान वारा वाहतो. त्याला जेट प्रवाह म्हणतात. समुद्रावरून ओलावा वर गेला, की या प्रवाहाच्या कडेने बर्फाच्या बारीक कणांचे तंतुमेघ लांबच लांब ताणले जातात. उत्तरायणात पतंग उडवायला गच्चीवर चढलेल्यांनी दुपारच्या उन्हाला अधूनमधून मलमलीसारखे झाकणारे हे पांढरे पटल नक्कीच पाहिले असेल. इन्सॅट उपग्रहाची चित्रे हवामान खात्याच्या संकेतस्थळावर दर अर्ध्या तासाने येतात. त्यांची अवरक्त किरणांतील चित्रे एकापुढे एक लावून पाहिली, की हाच पट्टा नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे चमकताना दिसतो. त्याची उत्तरेची कड तर इतकी रेखीव असते, की पट्टीने रेघ मारल्याचा भास व्हावा. आणि योगायोग असा, की नर्मदा-शोण भ्रंशपट्टाही जवळपास त्याच दिशेने गेला आहे. ज्याला नर्मदेच्या भ्रंशावर भूकंपाचा ढग पाहायचाच आहे, त्याची दर हिवाळ्यात सोय होते. या पट्ट्यातला जबलपूरचा भूकंप मात्र २२ मे १९९७ रोजी झाला आणि त्याची नाभी, म्हणजे भूकंप जिथे सुरू झाला ती जमिनीखालची जागा, सुमारे ३५ किलोमीटर खोल होती. इतक्या खोलीवर खडकावरचा दाब पाहता तेथून वाफ निघून, पस्तीस किलोमीटर खडक आणि वर दहा-बारा किलोमीटर हवा पार करून, वाऱ्याने जराही न विस्कटता आकाशात रेघ ओढील, हे कसे घडावे याचे समाधानकारक उत्तर माझ्या वाचनात आलेले नाही.

जमिनीतून रेडॉनसारखे वायू बाहेर पडतात आणि भूकंपापूर्वी त्यांचे प्रमाण काही ठिकाणी बदललेले आढळले आहे, हे मी नाकारत नाही. उपग्रहावरून जमिनीचे तापमान मोजून पूर्वसूचना शोधण्याचे प्रयत्नही प्रामाणिक आहेत. त्यातला एक तर आपल्या दाराशीच घडला. भूजच्या भूकंपाआधी कच्छच्या परिसरात जमीन नेहमीपेक्षा तापल्याचे उपग्रहाच्या नोंदींवरून दिसते, असे रुरकीच्या आयआयटीतील संशोधकांनी मांडले होते. २०११ मध्ये लंडनच्या संशोधकांनी दुसऱ्या उपग्रहाच्या अनेक वर्षांच्या नोंदी घेऊन हा प्रश्न पुन्हा तपासला, तेव्हा भूकंपाशी जोडता येईल अशी तापमानवाढ त्यांना आढळली नाही. वाढ दिसते ती पुष्कळ अंशी ढगांमुळे नोंदींत पडलेल्या खंडांमुळे आणि शेजारशेजारच्या फेऱ्यांतील चित्रे जोडण्याच्या पद्धतीमुळे, असा त्यांचा निष्कर्ष होता. ढगांनी येथेही घोटाळा केला म्हणायचा, पण वेगळ्याच तऱ्हेने!

मुख्य प्रश्न हिशेबाचा आहे. ढग दिसला आणि भूकंप झाला, अशी उदाहरणे कितीही गोळा केली तरी त्यांतून काही सिद्ध होत नाही. ढग दिसूनही भूकंप न झालेले दिवस आणि ढग नसताना झालेले भूकंप यांचीही मोजदाद तितक्याच काटेकोरपणे व्हायला हवी. पृथ्वीचा सुमारे दोन तृतीयांश भाग कोणत्याही क्षणी ढगांनी झाकलेला असतो. जगात वर्षाला ५ ते ५.९ तीव्रतेचे सुमारे १,३०० आणि ६ ते ६.९ तीव्रतेचे सुमारे १३० भूकंप होतात. इराणसारखा देश, साठ दिवसांची मुदत आणि ‘५.५ किंवा अधिक’ अशी अट ठेवली, तर भाकीत खरे ठरण्याची शक्यता मुळातच बरीच मोठी असते. बामच्या बाबतीत ते दुसऱ्याच दिवशी खरे ठरले याने आपण चकित होतो, पण साठाव्या दिवशी झाला असता तरी ते खरेच मानले गेले असते. घटनेनंतर मागे वळून शोधणे तर त्याहून सोपे. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, विसर्जनाच्या रात्री झाला. सप्टेंबरअखेर मराठवाड्यावर ढग नसतील तरच नवल, तेव्हा त्या आठवड्याची चित्रे आज उघडली तर हवा तो आकार सापडेल.

असा पूर्ण हिशेब एकदा मांडला गेला आहे. इटलीत २० मे २०१२ रोजी झालेल्या ६ तीव्रतेच्या भूकंपाचे भाकीत एका रेषाकृती ढगावरून केले होते, असा दावा पुढे आल्यावर २०१५ मध्ये काही अमेरिकी आणि इटालियन संशोधकांनी इटलीवरच्या चार वर्षांच्या उपग्रह चित्रांतील तसले सगळे ढग आणि त्या काळातील भूकंप यांची तुलना केली. दोहोंमध्ये संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकेल असा संबंध मिळाला नाही. ‘काही अभ्यासकांचे म्हणणे’ छापताना या अभ्यासकांचे म्हणणेही त्याच चौकटीत यायला हवे होते.

या संदर्भात वराहमिहिराचे नाव हमखास घेतले जाते. बृहत्संहितेच्या बत्तिसाव्या अध्यायात भूकंपाची लक्षणे आहेत आणि त्यांत ढगांचाही उल्लेख आहे, हे खरे. सहाव्या शतकात उज्जयिनीत बसून एवढे संकलन करणाऱ्या विद्वानाबद्दल मला आदरच आहे. पण तो अध्याय मुळातून वाचला तर नक्षत्रांनुसार भूकंपांचे चार वर्ग केलेले दिसतात, आणि त्यांच्या लक्षणांत कुठे धूळ आणि सोसाट्याचा वारा, कुठे आगीसारखे तापलेले आकाश, कुठे पर्वतप्राय गरजणारे मेघ आणि पाऊस असे सारे येते. वर्षातला असा एखादा आठवडा काढून दाखवा, जो यांपैकी एकाही वर्गात बसणार नाही.

उपग्रहांचा भूकंपाच्या अभ्यासाला खरा उपयोग कुठे होतो, तेही बामनेच दाखवले. भूकंपानंतर युरोपच्या एन्व्हिसॅट उपग्रहावरील रडारने जमिनीची हालचाल सेंटिमीटरच्या हिशेबात मोजली, तेव्हा कळले, की नकाशावर दाखवलेला बामचा भ्रंश मुळी सरकलाच नव्हता. सरकला होता तो त्याच्या पश्चिमेला काही किलोमीटरवर, तोवर कोणाला ठाऊक नसलेला एक दडलेला भ्रंश. भारत आणि अमेरिका यांनी जुलै २०२५ मध्ये सोडलेल्या निसार उपग्रहाचे एक काम हेच आहे. जमिनीवर ताण कुठे साठतो आहे, हे अशा मोजमापांनी कळते. भूकंपाचा दिवस कळत नाही, आणि तो कळतो असे ते शास्त्रज्ञ म्हणतही नाहीत.

भूजच्या वेळी केंद्रापासून सुमारे अडीचशे किलोमीटरवरच्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या पुष्कळ इमारतींच्या तळमजल्यावर गाड्या लावण्यासाठी नुसते खांब होते, भिंती नव्हत्या. भूकंपप्रवणतेच्या २००२ च्या नकाशात बडोदे तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या श्रेणीत धरले गेले होते आणि तशाच खांबांवर उभ्या असलेल्या इमारती आपल्याकडेही कमी नाहीत. पुरवणीतली तेवढीच जागा त्यांच्या छायाचित्रांना मिळाली असती, तर मला हे पत्र लिहावे लागले नसते.

आपणांस एकच विनंती आहे. यापुढे ढगांवरून भूकंपाचे भाकीत करणारा कोणी आपल्या कार्यालयात आला, तर त्याला परत पाठवू नये. ठिकाण, मुदत आणि तीव्रता त्याच्याकडून लेखी घ्यावी, तारखेसह छापावी, आणि मुदत संपल्यावर त्याच पानावर, तेवढ्याच टाइपात, काय घडले तेही छापावे.

कळावे,

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक,
दांडिया बाजार, बडोदे