गाडी घेण्यापूर्वी तिचे पावसाळे विचारावेत

कॉव्हेंट्री,
11 जानेवारी 2026

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझे पत्र आणि तिन्ही गाड्यांची छायाचित्रे मिळाली. आईच्या गुडघ्यांना आता रेल्वेच्या पुलाचे जिने झेपत नाहीत आणि बाबांना तपासणीसाठी मुलुंडहून परळला टॅक्सीने नेण्याआणण्याचा खर्च दर महिन्याला वाढत चालला आहे, तेव्हा घरात गाडी यावी हा तुझा आणि वहिनींचा निर्णय मला पूर्णपणे पटतो. साडेचार लाखांच्या पुढे जायचे नाही आणि मी पैसे पाठवण्याचा विषय काढू नये, असे तू स्पष्ट लिहिले आहेस, म्हणून तो विषय मी काढत नाही. मात्र अपघातात किंवा पुरात सापडलेल्या गाड्यांचे विमा दावे तपासणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे, या बाबतीत सविस्तर लिहिण्याचा अधिकार मी घेते.

तुझ्या पत्रात कोणत्या कंपनीची गाडी चांगली, हा प्रश्न पहिला आहे. माझ्या मते तो दुसरा असावा. एकाच कारखान्यातून एकाच महिन्यात बाहेर पडलेल्या दोन गाड्यांपैकी सात वर्षांनंतर एक निर्धास्त चालते आणि दुसरी मालकाला गॅरेजच्या फेऱ्या घालायला लावते. फरक पडतो तो ती कोणी चालवली, कोठे उभी केली आणि तिची देखभाल वेळेवर झाली की नाही, यामुळे. येथे ब्रिटनमध्ये तीन वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक मोटारीची दर वर्षी सक्तीची तपासणी होते, आणि गाडीचा क्रमांक घातला की त्या तपासण्यांचे निकाल व त्या त्या वेळी मीटरवर असलेला आकडा सरकारी संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येतो. आपल्याकडे खासगी गाडीची अशी नोंद एका जागी सापडत नाही, त्यामुळे ती तुला कागदाकागदातून जुळवावी लागेल.

त्यासाठी सर्वांत उपयोगी पडणारा आणि सर्वांत कमी पाहिला जाणारा कागद म्हणजे विम्याची पॉलिसी. तिच्यावर नो क्लेम बोनसची, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीची, टक्केवारी छापलेली असते. दावा न केलेल्या पहिल्या वर्षानंतर ती 20 टक्के होते, पुढे 25, 35, 45 आणि पाचव्या वर्षानंतर 50 टक्के, आणि गाडीच्या नुकसानीचा एक दावा मंजूर झाला की सामान्यतः पुन्हा शून्यावर येते. म्हणजे 2019 साली घेतलेली, एकाच मालकाची, ‘एक ओरखडासुद्धा नाही’ अशी वर्णन केलेली गाडी असेल आणि पॉलिसीवर 20 टक्के बोनस दिसत असेल, तर मध्ये काहीतरी घडले आहे, आणि ते काय घडले हे विचारण्याचा तुला हक्क आहे. बोनस सुरक्षित ठेवणारी जादा पॉलिसी घेतली असेल किंवा मालकाने दुरुस्ती पदरच्या पैशाने केली असेल, तर ही खूण फसवते. म्हणून चालू वर्षाबरोबर मागच्या दोन वर्षांच्या पॉलिसीही मागून घे आणि कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून त्या गाडीच्या नोंदींचा उतारा मालकालाच काढून आणायला सांग. प्रत्येक सर्व्हिसच्या वेळचे किलोमीटर त्यात असतात. एखाद्या वर्षी 46,000 आणि त्यानंतरच्या वर्षी 31,000 असे आकडे आढळले, तर मीटर मागे फिरवलेला आहे हे उघड आहे आणि पुढची बोलणी तेथेच थांबवावीत.

आता पाण्याविषयी लिहिते, कारण मुंबईत जुनी गाडी घेताना याहून मोठा धोका मला दिसत नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा आपल्या इमारतीखालच्या गाड्यांचे काय झाले ते तू पाहिले आहेस. पण गाडी बिघडायला तेवढा पाऊस लागत नाही. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे, कुर्ला या भागांत एखाद्या संध्याकाळी सीटपर्यंत पाणी आले तरी पुरते, आणि तळघरातले पार्किंग भरले तर रस्त्यावर पाणी नसतानाही गाडी बुडते. पाण्यात बंद पडलेले इंजिन मालकाने पुन्हा सुरू करायचा प्रयत्न केला की सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या पॉलिसीत हे नुकसान बहुधा धरले जात नाही, म्हणून कित्येक मालक जेमतेम दुरुस्ती करून गाडी विकून टाकतात. इंजिन दुरुस्त होते, परंतु वायरिंगच्या जोडांत शिरलेला ओलावा आपले काम पुढे दोन-तीन वर्षे करत राहतो, आणि एअरबॅगच्या यंत्रणेत तो शिरला असेल तर त्याचे परिणाम अपघाताच्या क्षणापर्यंत कळतही नाहीत.

हे ओळखण्यासाठी पुढचे दोन्ही सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून पाहा. गाडी धुणारा माणूस पट्ट्याचा वरचा भाग साफ करतो, आत गुंडाळलेल्या भागावर चिखलाची रेघ तशीच राहते. डिकीतील स्टेपनी काढून तिच्या खळग्याच्या कडांना बारीक गाळ साचला आहे का ते बोटाने तपास. सीटच्या रुळांवर आणि डॅशबोर्डखालच्या स्क्रूंवर गंज, हेडलाइटच्या आत धुके, सहा-सात वर्षांच्या गाडीत कोरे करकरीत कार्पेट आणि त्याच्या जोडीला उग्र सुगंधी फवारा, यांपैकी दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर ती गाडी कितीही स्वस्त मिळत असली तरी घेऊ नये. आणखी एक सांगते. गाडी आधी जिथे उभी राहत होती त्या सोसायटीच्या वॉचमनशी दहा मिनिटे बोल. कोणत्या गाडीला पावसाळ्यात टोचन लावून नेले, हे तो मालकापेक्षा मोकळेपणाने सांगतो. वरळी, माहीम, वर्सोवा अशा समुद्राजवळच्या भागात वर्षानुवर्षे उघड्यावर राहिलेली गाडी असेल तर खाऱ्या हवेने खालचा पत्रा खाल्लेला असतो, म्हणून गॅरेजमध्ये ती लिफ्टवर चढवून खालून पाहिल्याशिवाय होकार देऊ नकोस.

कमी किलोमीटरला आपल्याकडे फार मान मिळतो. पण लाल बहादूर शास्त्री मार्गाच्या कोंडीत एक किलोमीटर जायला दहा मिनिटे लागतात तेव्हा इंजिन दहा मिनिटे चालते आणि क्लच कित्येक वेळा दाबला जातो. मुंबईतच 30,000 किलोमीटर चाललेल्या गाडीचा क्लच संपत आलेला असू शकतो, आणि नाशिकच्या रस्त्यावर 60,000 चाललेल्या गाडीचा उत्तम असू शकतो. सकाळी इंजिन थंड असतानाच गाडी पाहायला जा आणि तू येईपर्यंत ती सुरू करू नये असे मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेव. सुरू करताना निळसर धूर आला तर इंजिन ऑइल जाळत आहे. मग ती ऐरोलीच्या पुलावर ने. चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढला आणि वेग मात्र वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे. परत येताना कोंडीत एसी पूर्ण चालू ठेवून तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेव. टायरच्या कडेला चार आकडे असतात, 2319 असेल तर तो 2019 सालच्या 23व्या आठवड्यात तयार झालेला आहे. नक्षी शिल्लक असली तरी इतके जुने टायर बदलावेच लागतील आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करून मागता येते.

आता तुझ्या तिन्ही गाड्यांविषयी. बाबांच्या ओळखीतली 2012 ची सेडान दिसायला भारदस्त आहे आणि मागे ऐसपैस जागा आहे, हे मान्य. तथापि 2027 मध्ये तिच्या नोंदणीची 15 वर्षे पूर्ण होतील. त्यानंतर पाच-पाच वर्षांसाठी नोंदणीचे नूतनीकरण, त्याचे 5,000 रुपये शुल्क, तपासणी आणि वर पर्यावरण कर हे सर्व तुझ्या माथी येईल. ओळखीच्या माणसाला नकार देणे जड जाते, म्हणून बाबांना हे कारण सांगायला हवे. दिल्ली पासिंगची 2016 ची डिझेल गाडी एवढ्या कमी किमतीत का मिळते, याचे उत्तर तिच्या वयात आहे. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून त्या वयाच्या आसपासच्या गाड्या इतर राज्यांत विकायला पाठवल्या जातात. मुंबईत तसा निर्बंध नाही, पण तेथील आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र आणून महाराष्ट्रात नव्याने नोंदणी करायची आणि महाराष्ट्राचा कर पुन्हा भरायचा, हा खर्च एजंटने तुला सांगितलेल्या आकड्यात नाही. शिवाय तू कामावर लोकलने जातोस. आठवड्यातून दोनदा बाहेर पडणाऱ्या गाडीला डिझेल हवेच कशाला?

उरली ठाण्याची 2019 ची वॅगनआर. एमएच 04 असल्याने कराची अडचण नाही आणि उंच आसनामुळे आईला बसता-उठताना गुडघे फार वाकवावे लागणार नाहीत, ही जमेची बाजू मोठी आहे. माझी शंका सुरक्षिततेविषयी आहे आणि ती मी दडवून ठेवणार नाही. जुलै 2019 पासून भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटारीत चालकासाठी एअरबॅग बंधनकारक झाली, परंतु शेजारच्या आसनासाठीची एअरबॅग सर्व गाड्यांना सक्तीची व्हायला 2021 चा डिसेंबर उजाडला. आई गुडघ्यांमुळे पुढेच बसणार. त्या आसनापुढे एअरबॅग नसलेली गाडी, मग ती वॅगनआर असो वा दुसरी कोणतीही, आपण घेऊ नये एवढा माझा आग्रह आहे. गाड्या धडकवून त्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या 2019 मधील चाचणीत वॅगनआरला प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी पाचपैकी दोन तारे मिळाले होते आणि जानेवारी 2020 मध्ये टाटा टियागोला चार. म्हणून 2020 नंतरची, दोन एअरबॅग असलेली टियागोही पाहावी असे मी सुचवते. तिचे आसन वॅगनआरपेक्षा खाली आहे, त्यामुळे आईला सोबत नेऊन दोन्ही गाड्यांत चार वेळा बसवून-उठवून पाहा आणि तिला विचार. तिला टियागोत फारसा त्रास होत नसेल तर माझे मत टियागोला.

सीएनजीचे वहिनींनी विचारले आहे. वर्षाला 6,000 किलोमीटर धरले तर पेट्रोलपेक्षा वीसेक हजार रुपये वाचतील, पण सीएनजी गाडीसाठी पेट्रोल गाडीपेक्षा द्यावी लागणारी जादा किंमत त्याहून बरीच अधिक असते आणि सिलिंडर डिकी व्यापतो. गणपतीला सावंतवाडीला जाताना पाच माणसांचे सामान मग कोठे ठेवायचे? तरीही घ्यायची झाली तर किट कंपनीचेच असावे, आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, आणि पॉलिसीत त्याची नोंद असावी, आणि दर तीन वर्षांनी होणाऱ्या सिलिंडरच्या दाब चाचणीचा दाखला पाहावा. किंमत ठरवताना हेही ध्यानात ठेव की 22 सप्टेंबर 2025 पासून लहान पेट्रोल गाड्यांवरील जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या. विक्रेता जुन्या शोरूम किमतीवरून हिशेब मांडत असेल, तर त्याला आजच्या किमतीवर आणावे.

साडेचार लाखांतले चार लाखच गाडीला द्यावेत. उरलेले पन्नास हजार टायर, बॅटरी, पहिली सर्व्हिस, विमा आणि नाव बदलण्याच्या खर्चाला लागतील, आणि त्यातून दोन हजार आधी तपासणी करणाऱ्या मेकॅनिकला द्यावेत. तो विक्रेत्याने आणलेला नसावा.

कागदांत आरसीवर बँकेचा बोजा नोंदलेला असेल तर बँकेचे पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नकोस. सरकारच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर क्रमांक घालून कितवा मालक आहे आणि गाडी पूर्वी टुरिस्ट परमिटवर होती का ते पाहा. थकीत चलने विक्रेत्याकडूनच भरून घे. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या होऊन नाव बदलण्याचा अर्ज 30 दिवसांच्या आत आरटीओत गेला पाहिजे आणि विमा 14 दिवसांत तुझ्या नावावर करून घ्यायला हवा. विक्रेत्याचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, म्हणून हप्ता वाढेल. त्याची तयारी ठेव.

पाडव्याला गाडी दारात यावी ही आईची इच्छा मला ठाऊक आहे. तोवर मनाजोगती मिळाली नाही तर अक्षय तृतीया आहे, हे तिला माझ्या वतीने सांग.

ठाण्याच्या गाडीच्या मागील तीन पॉलिसींचे पहिले पान, सर्व्हिसचा उतारा आणि आरसीच्या दोन्ही बाजू यांची छायाचित्रे पाठव. शनिवारी माझी सुट्टी असते, त्या दिवशी वाचून लगेच फोन करीन. ती. आईबाबांना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार आणि छोटीला पुष्कळ आशीर्वाद.

कळावे, लोभ असावा.

तुझी धाकटी बहीण